खिळा

उद्या तिची तसबीर लागणार वरच्या दालनात,
सोळा पुरुषांच्या रांगेत, शेवटची.
खिळा मलाच ठोकायचाय.
सुतारखात्यात आता मी एकटाच उरलोय,
उजव्या हाताला तीन बोटं, बाकी ठाकठीक.

उरलेली दोन कुठं गेली, ते तिला ठाऊक आहे.

बीटसाखरेचा कारखाना, नोव्हेंबरची रात्रपाळी.
कापयंत्राचं झाकण उघडं होतं, की मी उघडलं,
एवढाच वाद.
शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये. मी चढलो.
कंपनीची वकील अर्डिस क्रान्झलर,
बत्तीस वर्षांची, करडा कोट,
आवाज असा, की पेल्यातलं पाणी हलू नये.
"मिस्टर टॉर्गर्सन, आदल्या दिवशी किती तास झोपलात?"
खरं सांगितलं. तीन.
तिनं कागद खाली ठेवला.
का, ते विचारलंच नाही,
आणि न विचारलेल्याचं उत्तर देता येत नाही तिथं.

अकरा वर्षांनी ती इथं आली, विद्यापीठाची अध्यक्ष होऊन.
प्राध्यापकांनी नाकं मुरडली:
ना प्रबंध, ना वर्गात उभं राहिल्याचा एक तास,
कंपन्यांची वकील!
मी तोंडात खिळे धरून गप्प.
पहिल्याच आठवड्यात तिच्या खोलीचं दार अडकलं.
रंधा मारताना तिनं माझा हात पाहिला,
मग दाराकडे बघत म्हणाली, "दरवर्षी फुगतं का?"
म्हटलं, "ऑगस्टात फुगतं. थंडी पडली की आपोआप बसतं."
एवढंच बोलणं, पुढची कितीतरी वर्षं.

जानेवारीत ती राजधानीला जायची, बर्फातून, स्वतः गाडी हाकत,
आमदारांच्या समितीपुढं बसायला.
एका पोरामागं किती खर्च? संगीत कशाला हवं?
आता प्रश्न त्यांचे, आणि खुर्ची साक्षीदाराची.
एका वर्षी हात हलवत परतली,
आणि जर्मन विभाग बंद झाला.
तिची आजी रागावायची ती भाषा.
पत्र धाडलं नाही, स्वतः गेली म्हाताऱ्या ओटमार फिशरकडं.
मी बाहेर खिडकीची चौकट बसवत होतो.
बराच वेळ आतून काही ऐकू आलं नाही,
मग कपबशीचा आवाज.
नदी चढली त्या वसंतात
तिसऱ्या रात्री वाळूच्या पोत्यांच्या रांगेत
माझ्या शेजारी रबरी बूट घालून ती.
पोतं माझ्याकडं सरकवताना
डाव्या हाताच्या बाजूनं द्यायची.
लक्षात आलं, तेव्हा राग आला मला.

आणखी एक.
कार्यशाळेतल्या प्रत्येक आरीचं झाकण
दर सहा महिन्यांनी तपासायचं, कागदावर सही अध्यक्षांची.
लेखापाल हसायचे, ही कसली अध्यक्षांची कामं?
चौदा वर्षांच्या अठ्ठावीस सह्या
माझ्या खणात आहेत, मोजल्यात.

एप्रिलमध्ये खोली रिकामी करताना तिनं मला बोलावलं.
फडताळ खोलायचं होतं.
मी पाठमोरा असताना विचारलं,
"त्या दिवशी का झोपला नव्हता?"
पंचवीस वर्षांनी!
तोंडातले खिळे एकेक काढून ठेवले.
मुलीला ताप होता, म्हटलं. एकशे चार.
आणि झाकण मीच उघडलं होतं.

"ते माहीत होतं," ती म्हणाली.
"आणि उघडल्याशिवाय ते यंत्र चालतच नव्हतं,
तेही माहीत होतं.
तुमच्या फोरमनचं पत्र होतं माझ्या पेटीत.
तुमच्या वकिलानं मागितलं नाही."
बाहेर कुणीतरी गवत कापत होतं.
मी फडताळ खोललं. चार स्क्रू, एक गंजलेला.

माफ केलं का, बायको विचारते.
मला ठाऊक नाही.
तसबीर जड आहे, चित्रकारानं मागं कायद्याची पुस्तकं काढलीत.
चार इंची खिळा काढून ठेवलाय.
पातळी लावून बघेन, सरळ लावीन.
भिंत जुनी आहे, बेतानं ठोकावं लागेल.